साहेबांच्या मागे चालण्याची शर्यत

शर्यतींच्या आदल्या दिवशी मला लांब फीत, सुतळी, लोखंडी खुंट्या आणि फक्कीची पोती मिळाली की मी दुसरं काही मागत नाही. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी भुकटी. संध्याकाळपर्यंत ती माझ्या केसांत, पर्समध्ये आणि डब्यातल्या पोळीवरही असते. मी लातूरच्या एका मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. सुट्ट्यांच्या दिवशी मैदानी स्पर्धांची पंच असते. नांदेडपासून उदगीरपर्यंतची बहुतेक मैदानं मी पायाखाली घातली आहेत. याद्या करायची सवय त्यातूनच लागली. कोणती शर्यत कधी, कोणता पंच कुठल्या वळणावर, पाण्याचे जार कोणाच्या ताब्यात, निकाल कोण लिहिणार. नवरा म्हणतो, "तुझ्या किराण्याच्या यादीत साखरेलासुद्धा पंच नेमलेला असतो." असू दे. ज्या मैदानावर यादी नसते तिथे गोळाफेकीचा गोळा उंच उडीच्या गादीवर येऊन पडतो. मी पाहिलेलं आहे. गादीवर त्या वेळी कोणी नव्हतं, एवढंच बरं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्या हाताखालून गेलेल्या खेळाडू मुलींबद्दल हवं होतं. त्या मुलींचे फोटो वर्तमानपत्रात येऊन गेले, दोघी पोलिसात लागल्या, एक माझ्याच शाळेत शिकवते. त्यांचं सगळं छान चाललं आहे. मला लिहायचं आहे ते पन्नाशीच्या आसपासच्या लोकांच्या एका शर्यतीबद्दल, ज्यात कोणी धावलं नाही. धावायला मनाईच होती.

एका सरकारी खात्याच्या विभागीय क्रीडा स्पर्धा दर हिवाळ्यात होतात. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. कबड्डी, कॅरम, क्रिकेट, बुद्धिबळ सगळं असतं आणि त्यातले मैदानी खेळ माझ्याकडे असतात. आमच्या बाजूला खरी चुरस नांदेड आणि लातूर या दोनच संघांत. वर्षभर खुर्चीत बसलेली माणसं तीन दिवस नव्या ट्रॅकसूटमध्ये येतात, पहिल्या दिवशी फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी मांड्यांना बाम लावतात आणि तिसऱ्या दिवशी भांडतात. मला ही माणसं फार आवडतात. शाळेतली पोरं जिंकायला येतात. ही माणसं आपल्याला अजून काय काय येतं ते बघायला येतात.

त्यांच्या तऱ्हा निराळ्या असतात. एकदा गोळाफेकीत एका अधिकाऱ्यांनी पहिला गोळा जेमतेम पायापुढे टाकला आणि म्हणाले, "हा सराव धरा." मी म्हटलं, सराव सकाळीच झाला. ते म्हणाले, "मग त्याची नोंद कच्ची ठेवा." शंभर मीटरच्या शर्यतीत सगळे रेषेवर वाकलेले, मी 'सावधान' म्हणणार तेवढ्यात एकाच्या खिशात फोन वाजला आणि त्याने वाकल्या वाकल्याच उचलला. "हाव साहेब, मैदानावरच हाय, बोला." उरलेले सात जण त्याचं बोलणं संपेपर्यंत तसेच वाकून राहिले.

दोनशे मीटरमध्ये तक्रार ठरलेली असते. त्या शर्यतीत वळण येतं. बाहेरच्या पट्टीतल्याला वळणावर जास्त अंतर पडतं, म्हणून त्याची सुरुवातीची रेषा पुढे आखावी लागते. शेवटी अंतर सगळ्यांना सारखंच. पण आतल्या पट्टीत उभ्या राहिलेल्या माणसाला दिसतं ते एवढंच, की शेजारचा आपल्यापुढे उभा आहे. देगलूरच्या एका लिपिकाला हे अजिबात पटलं नाही. मी सांगितलं, निकालानंतर अर्ध्या तासात लेखी हरकत द्या, निकाल फिरवायचा तर तेवढीच मुदत असते. तो म्हणाला, "देतो." अर्धा तास गेला, दिवस गेला, स्पर्धा संपल्या. आठवड्याने माझ्या शाळेत टपाल आलं. त्याने हरकत लिहिली होती वेळेतच, पण सवयीने ती योग्य मार्गाने पाठवली होती. त्याच्या साहेबांची शिफारस, त्यांच्या वरच्या साहेबांचा शेरा, आवक, जावक, सगळं रीतसर. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "मॅडम, हे काय आहे?" मी म्हटलं, "दोनशे मीटर."

हे सगळं आधी सांगायचं कारण, त्या लोकांच्या अंगात कचेरी किती मुरलेली असते ते कळावं. धावण्यात ती फारशी आडवी येत नाही. शंभर मीटरमध्ये ज्येष्ठता आठवायला वेळच मिळत नाही. चालण्यात मात्र भरपूर वेळ मिळतो.

चालण्याची शर्यत तीन किलोमीटरची, पंचेचाळीस वर्षांवरच्या पुरुषांसाठी. मैदानाला साडेसात फेऱ्या. बाहेरून बघणाऱ्याला ती विनोदी वाटते, कंबर हलते म्हणून बायका पदर तोंडाला लावतात. पण सगळ्या मैदानी खेळांत पंचांची खरी कसोटी हीच. नियम दोन. एक, दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटता कामा नयेत, कारण ते धावणं झालं. दुसरा, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकला की अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघा सरळ हवा. पंच ठिकठिकाणी उभे असतात. चूक होतेयसं वाटलं की पिवळी चकती दाखवून सावध करतात. चूक स्पष्ट दिसली की लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे पाठवतात. तीन वेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की मुख्य पंच त्या माणसाला लाल चकती दाखवतो. तो बाद. मुख्य पंच मी असते.

आता व्यंकटमामांबद्दल. ते या खात्याच्या लातूरच्या मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर. मामा सगळे म्हणतात, साहेबसुद्धा. दर वर्षी लातूरच्या संघाचं सामान त्यांच्याच गाडीतून यायचं. गाडी लिंबाखाली लावायची, दार उघडं ठेवून पाय बाहेर सोडून बसायचं आणि सगळं बघायचं, असे त्यांचे तीन दिवस. पुढच्या उन्हाळ्यात ते सेवानिवृत्त होणार होते. त्या वर्षीच्या स्पर्धा लातुरात होत्या. तारखा लागल्यावर एका सकाळी मी शाळेच्या मुलींचा सराव घेत होते, तेव्हा ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले.

"मॅडम, ती चालायची शर्यत शिकवता का?"

"तुम्हाला?"

"हाव. नाव दिऊन आलो."

"चालायला येतं की तुम्हाला."

"तसं येतंय. पर तुमच्या त्या लाल कारडात न बसता चालायचं हाय. पहिला यायचं हाय मला."

मी सहज म्हटलं, "पहिल्याच वर्षी? तिसरे आलात तरी पुष्कळ."

"न्हाई मॅडम. दुसरं-तिसरं कशाला? माघं तर आमी रोजच असताव. साहेबाच्या माघं पिशवी घिऊन, बाईसाहेबाच्या माघं भाजी घिऊन. घरी पोरगी म्हणती, अप्पा, तुमी लगनातबी सगळ्याच्या शेवटी जेवताव. एकदा पहिला यायचं हाय बगा. पुन्ना काय ही शर्यत घावत न्हाई."

मी शिकवलं. शिकवणं हा माझा धंदाच आहे, आणि कोणालाही शिकवते. नांदेड संघाच्या बिराजदार साहेबांनी फोनवर नियम विचारले, त्यांनाही मी तितक्याच तपशिलात सांगितले होते. बिराजदार देगलूर तालुक्याचे अधिकारी, उंच, सडपातळ, रोज पहाटे चालणारे. नांदेडचा सगळा भरवसा त्यांच्यावर होता. मामा त्यांच्यापेक्षा बुटके, पण पाय लोखंडासारखे. पहिले आठ दिवस त्यांचा गुडघा वाकायचा. मग एक दिवस जमलं आणि ते असे सुटले की माझ्या मुली दोर्‍यांवरच्या उड्या सोडून बघत राहिल्या. मी घड्याळ लावलं, पुन्हा लावलं. इतक्या कमी वेळात आमच्याकडे कोणी चाललेलं मला आठवत नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही, कारण सांगितलं की माणूस बिघडतो. फक्त म्हटलं, "रोज या."

शर्यतीच्या सकाळी सगळं माझ्या यादीप्रमाणे चाललं होतं. पंच जागेवर, फेऱ्या मोजणारे टेबलाशी, मुळे गुरुजी माईकवर. लातूरचे मोठे साहेब झेंडा दाखवून शर्यत सुरू करणार, असं यादीत होतं. साहेब स्वभावाने मोकळे, आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झालेली. ते झेंडा घेऊन आले, स्पर्धकांकडे बघितलं आणि कोणीतरी मागून म्हणालं, "साहेबांनीबी चालावं." झालं. टाळ्या पडल्या. साहेबांनी कोट काढला. वयाची अट पूर्ण होत होती आणि नाव नोंदवायची मुदत, लातूरच्या संघाच्याच म्हणण्याप्रमाणे, अजून संपली नव्हती. चेस्ट नंबर एक कोरा शिल्लक होताच. तो कोणासाठी राखून ठेवला होता ते मला तेव्हा कळलं.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी शर्टावर नंबर नीट सपाट लावलेला होता, चारी टोकांना टाचण्या. साहेब रेषेवर आले तसे ते एक पाऊल मागे सरले. त्यांच्या मागचे आणखी एक पाऊल मागे सरले.

दोरीपलीकडे शोभाताई उभ्या होत्या. शोभाताई शिरूर अनंतपाळच्या कचेरीतल्या लिपिक, सकाळीच थाळीफेकीत पहिल्या आलेल्या, म्हणून आवाज चढलेला.

"काय मामा, आता कसं?"

"आता काय. साहेब हायत."

मी जवळ जाऊन हळू म्हटलं, "मामा, रेषेवर साहेब कोणी नसतो."

"तुमच्यात नसंल मॅडम," मामा म्हणाले.

झेंडा पडला. नांदेडची मंडळी सुटली, बिराजदार सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या मागे नांदेडचेच आणखी दोघं. मग आमचे साहेब. आणि साहेबांच्या मागे, दोन पावलांचं अंतर राखून, लातूरचा अख्खा संघ. वीस-बावीस माणसं. साहेब जोर करत तेव्हा तेही जोर करत, साहेब दमून हळू होत तेव्हा तेही हळू होत. एकाचा पाय चुकून पुढे पडला तर शेजारच्याने बाही धरून त्याला मागे ओढलं. सगळ्यांच्या मधोमध व्यंकटमामा, हात बांधल्यासारखे अंगाशी धरून, आपल्या वेगापेक्षा पुष्कळ हळू.

"लातूरचा संघ," मुळे गुरुजी माईकवर सांगत होते, "अत्यंत शिस्तबद्ध रीतीने, जणू एकाच कुटुंबातील सदस्य असल्याप्रमाणे..."

दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. साहेबांनी एकदा मागे वळून बघितलं आणि खूश झाले. आपण इतक्या सगळ्यांना मागे टाकलं आहे, असं त्यांना वाटलं असणार. साहेब तसे बरे चालत होते, पण बिराजदार हळूहळू लांब जात होते. आणि मामा माझ्यासमोरून गेले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ते कष्टाने चालत नव्हते. कष्टाने स्वतःला आवरत होते. गाडी मोकळ्या रस्त्यावर पहिल्याच गिअरमध्ये कोंडावी तसं.

मी काही बोलू शकत नव्हते. पंचाने स्पर्धकाला सल्ला दिला की पंचच चुकला. मी फक्त बघायचं. वर्षानुवर्षं मी तेच करत आले. कॉलेजात मी आठशे मीटर धावायचे. शिट्टी गळ्यात पडली आणि मग कधीच रेषेच्या त्या बाजूला गेले नाही. एरवी त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. कोणीतरी धरून मला त्या घोळक्यात सोडलं असतं तर मी साहेबांच्या शेजारून सुर्रकन निघून दाखवलं असतं.

चौथ्या फेरीनंतर साहेब दमले आणि त्यांचे गुडघे वाकायला लागले. पलीकडच्या वळणावर पिवळी चकती वर गेली. मग दुसऱ्या वळणावर. थोड्या वेळाने एक लाल कार्ड माझ्याकडे आलं, मागून दुसरं. पलीकडच्या लांब बाजूला हणमंत सर होते, उदगीरच्या एका शाळेतले, चांगले पंच. ते आपली जागा सोडून मैदान आडवं ओलांडून माझ्याकडे आले.

"मॅडम, लिहू का?"

"काय दिसलं ते लिहा."

"दिसलं तर आहे. गुडघा चांगला वाकतोय, दर पावलाला. पण माझा मेहुणा याच खात्यात आहे. आत्ताच देवणीला बदली झाली बिचाऱ्याची, आता आणखी कुठं टाकतील."

"सर, मेहुण्याचा गुडघा मी विचारला नाही. समोरचा सांगा."

त्यांनी कपाळावरची फक्की पुसली, कार्ड लिहिलं, सही केली आणि पुन्हा मैदान ओलांडून जागेवर गेले. जाताना मागे वळून बघत नव्हते.

तीन कार्डं झाली. साहेब माझ्या बाजूला येत होते. अडीच फेऱ्या राहिल्या होत्या. मी रेषेच्या कडेला जाऊन लाल चकती त्यांच्यासमोर धरली, अगदी शाळेत धरते तशी, हात सरळ.

साहेबांनी मान हलवली. "शेवटची फेरी का?"

आणि पुढे चालत गेले.

मुख्य पंचाने चकती दाखवली की माणूस बाहेर जातो, असं पुस्तकात आहे. तो बाहेर गेला नाही तर पंचाने कसं चालावं, ते पुस्तकात नाही. मी त्यांच्या शेजारून चालू लागले. माझ्या आणि साहेबांच्या मागे दोन पावलांवर लातूरचा संघ.

"साहेब, लाल म्हणजे बाद."

"बाद म्हणजे?"

"तुम्ही शर्यतीतून बाद आहात. गुडघा वाकतोय म्हणून तीन पंचांनी लिहून दिलंय."

"अहो मॅडम, पंचावन्न वर्षांचा गुडघा आहे. वाकतोय हेच नशीब."

"ते डॉक्टरांचं म्हणणं झालं साहेब. आमच्याकडे सरळ लागतो. तुम्हाला आता आतल्या बाजूला जावं लागेल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावणार. मनात मी यादी सुरूही केली: मुख्याध्यापकांना काय सांगायचं, हणमंत सरांच्या मेहुण्याचं काय करायचं. पण साहेबांना हसू आलं. "कोणी बाद म्हटल्याला किती वर्षं झाली," असं म्हणाले, आणि रेषा ओलांडून आत गवतावर जाऊन थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि धापा टाकू लागले.

लातूरचा अख्खा संघ जागच्या जागी थांबला.

शर्यतीत, ऐन पट्टीवर, वीस-बावीस माणसं उभी. काही जण नीट सावधानमध्ये. मी इतकी वर्षं मैदानावर काढली, असं कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी वर बघितलं. "तुम्ही का थांबलात?"

पुढे एक अव्वल कारकून होते. ते म्हणाले, "साहेब थांबले म्हणून."

"मी बाद झालोय. तुम्ही कुठे बाद झालात?" आणि मग काहीतरी लक्षात येऊन, "आणि आतापर्यंत सगळे माझ्या मागे का होतात?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. शेवटी दोरीपलीकडून शोभाताईच बोलल्या.

"तुम्हाला वलांडून कोण जाईल साहेब? उद्या रजेच्या अर्जावर सही कोणाची लागती?"

मैदानभर हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मध्ये उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरवर येऊन थांबले.

"मामा, तुम्हीसुद्धा?"

"मी तर रोजच थांबतो साहेब," व्यंकटमामा म्हणाले. "तुमी उतरल्याबिगर मी कुटं जातो?"

साहेब म्हणाले, "मग जा आता. मी उतरलोय."

मामा गेले.

मी खूप सुरुवाती पाहिल्या आहेत, पिस्तुलाच्या, टाळीच्या, शिट्टीच्या. तशी सुरुवात पुन्हा पाहिली नाही. सरावाच्या वेळी माझ्या मुलींनी दोऱ्या सोडून बघितलं होतं ते हेच चालणं. टाच टेकते, गुडघा सरळ, कंबर फिरते, पाय मागून सुटतो, आणि माणूस जमिनीवरून वाहून जातो. उरलेला संघही त्यांच्या मागून सुटला, पण ते दृश्य आता वेगळं होतं. आता घोळका नव्हता. अव्वल कारकुनाला त्याचाच शिपाई मागे टाकत होता आणि दोघं हसत होते.

बिराजदार तेव्हा शंभरेक मीटर पुढे होते. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत मामांनी नांदेडच्या तिसऱ्याला गाठलं, मग दुसऱ्याला. ते दोघं लिपिक होते, मामांना काही अडचण आली नाही. साहेब गवतावरून मामांच्या बरोबरीने पळू लागले. "मामा, चला, चला मामा." मला शिट्टी वाजवावी लागली.

"साहेब, आतून पळायचं नाही. ती मदत धरतात. मामा बाद होतील."

साहेब जिथल्या तिथे थांबले आणि हात मागे बांधून उभे राहिले. शेवटपर्यंत हलले नाहीत. तोंडसुद्धा मिटून घेतलं.

पंच आता चौघंही डोळ्यांत तेल घालून मामांच्या पायांकडे बघत होते. साहेबांना बाद केलेलं, आता त्यांच्या ड्रायव्हरकडे दुर्लक्ष केलं असं कोणी म्हणायला नको. कार्ड एकही आलं नाही.

शेवटच्या वळणावरून सरळ पट्टीवर आले तेव्हा बिराजदार पुढे आणि मामा त्यांच्या अगदी मागे. दोन पावलं. ती दोन पावलं मी ओळखली. इतकं अंतर थकल्याने पडत नाही. बिराजदार दमलेले होते, मामा दमले नव्हते. पण समोर होते तेही साहेबच. दुसऱ्या जिल्ह्याचे असले म्हणून काय झालं. मामा त्यांच्या मागे आले आणि पायांना जी सवय होती ती पायांनी केली.

अर्धी पट्टी अशीच गेली. दोन्हीकडून लोक ओरडत होते, नांदेडचे वेगळं, लातूरचे वेगळं. शोभाताईंचा आवाज फाटला. मोठे साहेब गवतावर ओठ दाबून उभे. आणि मी समाप्तीच्या रेषेच्या थोडी अलीकडे, हातात चकत्या, तोंडाला कुलूप. ते माझ्यासमोर आले तेव्हा मामा खाकरले.

"साहेब, हॉर्न द्यायलोय," ते म्हणाले. "साइड द्या."

बिराजदारांनी मान न वळवता, धापा टाकत उत्तर दिलं. "साइड नाही मिळायची मामा. दम असंल तर काढा गाडी."

"काढतो मग," मामा म्हणाले. आणि बाहेरच्या बाजूने निघाले. खांद्याला खांदा आला. बिराजदारांनीही उरलंसुरलं सगळं लावलं, कोणी कोणाला काही सोडलं नाही. मी दोघांच्या गुडघ्यांकडे बघत होते, ते माझं काम होतं, म्हणून मामांचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला सांगता येणार नाही. चार गुडघे सरळ होते. त्यातले दोन आधी रेषेवरून गेले आणि ते मामांचे होते.

पुढचं सगळं एकदमच झालं. मुळे गुरुजींनी माईकवर नुसतं "आले, आले" म्हटलं. बिराजदार गवतावर आडवे झाले आणि पडल्या पडल्या टाळ्या वाजवू लागले. मोठे साहेब हार शोधत होते, जो सकाळी त्यांनाच घातला होता. शोभाताई दोरीखालून आत आल्या, ते चालत नाही, पण मी बघितलं नाही असं केलं.

आणि मामा तिथे नव्हते. ते रेषेवरून गेले ते थांबलेच नाहीत. पुढच्या वळणाला लागले होते, त्याच चालीने. त्यांना फेऱ्यांचा हिशेब चुकला असं आम्हाला वाटलं. असं होतं, दमलेल्या माणसाला कळत नाही. माझ्या यादीप्रमाणे आता महिलांची रिले होती, चारही संघ बॅटन घेऊन उभे होते आणि मला पट्टी मोकळी हवी होती. मी मैदान आडवं कापून त्यांना पलीकडे गाठलं.

"मामा, थांबा. शर्यत संपली. तुम्ही पहिले आलात."

"ते कळलं मॅडम," मामा न थांबता म्हणाले. "पुढं कुणीच न्हाई म्हंजी कसं असतंय, ते जरा बघायलोय."